खांद्यापुरता

"सर, मला तुमचे खांदे हवे आहेत," फोनवरची मुलगी म्हणाली, तेव्हा माझा एक गाल करून झाला होता आणि दुसऱ्यावर दाढीचा फेस होता. या वयात कुणी खांदा मागितला की माणूस आधी विचारतो, कोण गेलं? मीही तेच विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, तसं नाही, मी शिल्पकार आहे, कॉलेजच्या ग्रंथालयासमोर हातभारवाल्या सरांचा अर्धपुतळा बसवायचाय. चेहरा जमत आलाय, पण सरांचे जेवढे फोटो मिळाले ते सगळे गळ्यापर्यंतचे, नाहीतर भाषणाच्या टेबलामागचे. प्राचार्य म्हणाले, तुमची आणि त्यांची चण अगदी एक होती. दोनतीनदा येऊन बसलात तर खांदे, मान, पाठ एवढं उरकून घेईन. मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आरशात पाहिलं तर फेस वाळून गाल ओढला जात होता. डोकं त्याचं आणि खांदे माझे. उभा जन्म मला जे वाटत आलं, ते या पोरीनं एका वाक्यात माझ्या दारात आणून ठेवलं होतं, आणि तेही विनंतीच्या सुरात.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. जन्मभर त्याच्या नावानं खडे फोडलेत. आता मातीचा आहे तर निदान उलट उत्तर तरी देणार नाही." जिवंत होता तेव्हा तरी तो कुठे उलट उत्तर द्यायचा? तेच तर दुखणं होतं. मान जराशी कलती करून, डोळे अर्धे मिटून तो ऐकून घ्यायचा, आणि मग काही महिन्यांनी तुमचंच बोलणं तुम्हाला छापील भेटायचं, इतकं नीटनेटकं की आपण असं काही बोललो होतो यावर आपलाच विश्वास बसू नये. "नाही जात," मी म्हणालो. मग दुपारी त्या मुलीचा पुन्हा फोन आला. चौथऱ्यावर सरांचं ते प्रसिद्ध वाक्य कोरायचंय, ते पक्कं करायला सरांच्या पत्नीही येणार आहेत, तुम्ही त्याच दिवशी आलात तर बरं. आणि मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, मी खांदे द्यायला गेलोच नाही. त्याच्या बायकोला एकदा, समोरासमोर, सांगायला गेलो की ते वाक्य माझं आहे. मला चौथऱ्यावर नाव नको होतं. म्हणजे हवं होतं, पण मागायचं नव्हतं. एका माणसाला कळलं असतं तरी मला पुरलं असतं, आणि ते माणूस वहिनी असायला हवं होतं, कारण तिसरं कुणी आता उरलेलंच नाही.

त्या मुलीची काम करायची जागा म्हणजे एका जुन्या गोदामाचा अर्धा भाग. वर मळकट काचा, खाली सिमेंटची जमीन, तिच्यावर वाळलेल्या मातीचे ठसे. मधोमध फिरत्या पाटावर तो होता. गळ्यापर्यंत तो, आणि गळ्याखाली वाकवलेल्या लोखंडी सळ्या. तिनं ओलं फडकं काढलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की नाक चांगलं जमलंय. दुसरं वाटलं ते हे, की माझं नाक करायला कुणी मूठभर मातीसुद्धा भिजवणार नाही. तिनं मला एका उंच स्टुलावर बसवलं, शर्ट काढायला लावला, आणि दोन वाकड्या पायांचं एक माप घेऊन माझ्या पाठीवर टेकवायला लागली. लोखंड गार होतं. "सर, तुम्ही त्यांच्या फार जवळचे होता ना?" ती मागून म्हणाली. मी म्हणालो, "आमची टेबलं समोरासमोर होती." मातीचा लांबट गोळा मळून तिनं सळ्यांवर थापला, आणि माझा डावा खांदा त्याच्या गळ्याखाली उगवायला लागला. आपल्या डोळ्यांदेखत आपला एखादा अवयव दुसऱ्याच्या नावावर चढताना पाहणं हे काही सुखाचं काम नाही. पण मी पाहत बसलो.

चण एक असल्याचं प्राचार्यांना कोटामुळे ठाऊक. त्याला परदेशातल्या पहिल्या व्याख्यानाचं बोलावणं आलं तेव्हा त्याच्याजवळ कोट नव्हता. माझ्याजवळ होता, लग्नातला, गडद निळा. त्यानं मागितला नव्हता, मीच नेऊन दिला, आणि सगळ्या स्टाफरूमसमोर दिला, म्हणजे सगळ्यांना दिसावं. तो अंगात घालून तो आरशासमोर उभा राहिला. आमचा शिपाई म्हणाला, "काय सर, शिवूनच घेतल्यासारखा बसलाय."  वर्तमानपत्रात पहिल्या पानावर जो फोटो आला तो माझ्या कोटाचा. कोट परत आला तेव्हा इस्त्री करून, कागदात गुंडाळून आला, आणि त्याला कुठल्यातरी निराळ्याच साबणाचा वास होता. मी तो पुन्हा घातला नाही. बायको म्हणायची, अहो, धडधाकट कपडा आहे. पण मला त्यात मी पाहुणा वाटायचो.

आणि सुरुवातीला गंमत अशी होती की पुढे जायचा तो मी. अर्थशास्त्रात मी पहिल्या वर्गात आलो होतो, तो दुसऱ्या, तोही धापा टाकत. पुढे दोघं एकाच कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हाही मी बोलायला लागलो की खिडकीतली पोरं आत यायची. तो वर्गात इतक्या हळू बोलायचा की मागचे बाक झोपायचे. त्याची आई कापडगिरणीच्या गावात मागावर कापड विणायची, वडील नव्हतेच. विद्यार्थी असताना फीच्या दिवसांत तो आठवडा आठवडा गायब असायचा. मला त्याची कीव यायची, आणि कीव करायला मिळते तोवर माणूस फार चांगला मित्र असतो. कॉलेज सुटलं की आम्ही बसथांब्यापर्यंत चालत जायचो, कारखान्याच्या लांबच लांब भिंतीकडेनं. मी नेहमी गटाराच्या बाजूला आणि तो भिंतीच्या. मी चुकून भिंतीकडे गेलो तर तो गुपचूप माझ्या मागून फिरून जागा बदलायचा. मी मनात म्हणायचो, बघा, गरिबीतून आलाय पण पाय चिखलात पडू नये हे बरोबर कळतं याला.

त्याच भिंतीपाशी मी ते वाक्य बोललो. कॉलेजचा वार्षिक अहवाल मी लिहिला होता, पानं आणि पानं, आणि त्या वेळच्या प्राचार्यांनी खाली सही ठोकून तो आपला म्हणून सभेत वाचला होता. मी भडकलेला. म्हणालो, "शेवटी हात त्याचा लागला म्हणून वस्तू त्याची होते काय?" तो थांबला. मान कलती. "पुन्हा म्हण," म्हणाला. मी पुन्हा म्हणालो, आणि वर प्राचार्यांना दोन शिव्या घातल्या. शिव्या त्यानं घेतल्या नाहीत. बाकीचं घेतलं. तीन पावसाळ्यांनी ‘हातभार’ हे पुस्तक आलं आणि त्याचं पहिलंच वाक्य होतं: शेवटी हात लागला म्हणून वस्तू आपली होत नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. साधं टेबल घ्या, तो लिहितो. झाड तोडणारा, लाकूड वाहणारा, सुताराला करवत धरायला शिकवणारा, सुताराला सकाळी जेवू घालणारी. दुकानदार शेवटचा हात लावतो आणि किंमत सांगतो. बाजार पैसे देतो ते शेवटच्या हाताला, मागचे हात धुक्यात जातात. म्हणून प्रत्येक मिळकतीतला एक वाटा मागच्या हातांचा, आणि तो दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून काढून ठेवायचा. आधी एका छापखान्यातल्या कामगारांनी ते करून पाहिलं. मग एका बस कंपनीनं. मग कुठल्या कुठल्या देशांतल्या गावांनी. मोठमोठ्या अर्थशास्त्र्यांनी आधी हसून घेतलं, मग खोडून काढलं, मग खोडता येईना तेव्हा आपल्या पुस्तकांत घातलं. त्याला मानाच्या पदव्या मिळाल्या, बक्षिसं मिळाली, ती त्यानं ज्यांना त्यांना वाटून टाकली आणि त्याच दोन खोल्यांत राहिला. पुस्तकावर त्यानं आपलं नाव घातलं नव्हतं. मागच्या पानावर, बारीक अक्षरात, तेही प्रकाशकानं गळ घातली म्हणून. नाव न लावल्यानं त्याचं जेवढं नाव झालं तेवढं लावून कधीच झालं नसतं. आणि आभार कुणाचेच नव्हते. "हे पुस्तक कोणाकोणाचं, हे मला सांगता येणार नाही," एवढंच. ते पान मी उन्हात धरून पाहिलंय. आता यात माझी कोंडी कशी झाली पाहा. मी उठून "ती कल्पना माझी" म्हणालो असतो, तर लोक म्हणाले असते, अहो, कल्पना कुणाचीच नसते, तेच तर त्यात लिहिलंय. त्यानं माझी चीज नेली आणि जाताना दाराला असं कुलूप घातलं की आरडाओरड करणाराच चोर ठरावा.

"सर, डावा खांदा थोडा खाली घ्याल? आणि मान तशी, कलती. त्यांची होती ना," ती म्हणाली. मी घेतली. ती दोन पावलं मागं सरकली, तोंडावर मातीचा हात धरून पाहत राहिली. "अगदी तेच. कसं जमलं हो तुम्हाला?" जमणार नाही तर काय. ज्याच्यावर माणूस जळतो त्याचा त्याला इतका अभ्यास असतो की प्रेम करणाऱ्यालाही नसेल. त्याचं खोकणं, पेला धरणं, उत्तर देण्याआधी खालचा ओठ आत घेणं, सगळं मला येतं. बाथरूममध्ये एकटा असताना मी त्याच्यासारखं भाषणही करून पाहिलंय. तसं तिला सांगितलं नाही.

मान कलती धरून बसलं की रक्त एका बाजूला उतरतं आणि नको ते आठवतं. मला त्याच्या सत्काराचं जेवण आठवलं. लांब टेबल, पांढरी चादर. त्याच्या उजव्या हाताला नेहमी मोठी माणसं, मंत्री, कुलगुरू, परदेशी पाहुणे. मला कुठेही नेलं तरी डावीकडची खुर्ची, मानाची नव्हे ती. त्या दिवशी कुणीतरी पाहुणा आला नाही आणि उजवीकडची खुर्ची मोकळी पडली. मीच जाऊन बसलो. जन्मात एकदा. आणि त्या खुर्चीच्या धुंदीत मी त्याला जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. हळूच म्हणालो, "मीही लिहायला घेतलंय. मागच्या हातांचं तुझं खरं आहे, पण मागचा हात पुढच्या हातावर जळतो त्याचं काय, त्यावर. चार प्रकरणं झालीत. वाचशील?" त्यानं घास घेतला. चावला. समोरच्या फुलांकडे बघत राहिला. मग डावीकडच्या बाईंना म्हणाला, "मीठ देता?" त्यानं चक्क कानाडोळा केला. मी पाणी प्यायलो. घरी येऊन ती चार प्रकरणं ट्रंकेत घातली, आणि पाचवं कधी झालं नाही. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, विषयात दम नाही.

वहिनी आल्या तेव्हा मी असाच अर्धा उघडा, मान वाकडी करून बसलेला. "असू दे, उठू नका भावोजी," त्या म्हणाल्या, आणि काठी टेकत पाटाभोवती एक फेरी घालून आल्या. खाली वाकून हनुवटीकडून पाहिलं, मागून पाहिलं. माझ्या खांद्यांवरून, म्हणजे मातीच्या, त्यांनी बोट फिरवलं नाही. नुसतं बोट त्याच्याजवळ नेलं. "मान बरोबर आहे," म्हणाल्या.

"मला तीच पकडायची होती," ती मुलगी खुलून म्हणाली. "सगळ्या फोटोत आहे. एवढा मोठा माणूस, पण किती नम्रपणे ऐकायचे."

वहिनी हसल्या. "नम्रता कसली गं. उजव्या कानानं ह्यांना ऐकूच यायचं नाही." त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मला आधी कळलंच नाही. "लहानपणी आईबरोबर गिरणीत जायचे. आईनं विणलेलं कापड मागावरून उतरलं, ते कौतुकानं हात लावायला गेले, तर मुकादमानं कानाखाली वाजवली. मालाला हात लावतोस म्हणून. रक्त आलं, मग पू, मग संपलंच. आईलासुद्धा पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक नव्हतं? कमाल आहे. मला वाटलं, तुम्हाला तरी सांगितलं असेल. बहिरा शिक्षक म्हणून नोकरी जाईल ही आधी भीती, आणि पुढं सवयच झाली लपवायची. ज्याचं ऐकायचंय त्याला डाव्या हाताला घ्यायचे. मंत्रीबिंत्री सगळे उजवीकडे. घरी आल्यावर म्हणायचे, आज छान जेवण झालं, कुणी काही बोललंच नाही."

मी स्टुलावर बसून होतो. मान सरळ करायचीही आठवण राहिली नाही. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. ती गटाराची बाजू, ती डावीकडची खुर्ची, सगळंच उलटं झालं होतं. पण मला आली ती चीड. त्या चार प्रकरणांचं कुणी ऐकलंच नव्हतं. त्यानं तुच्छ लेखलं म्हणून मी लिहायचं सोडलं, या एका गोष्टीच्या आधारावर मी इतकी वर्षं ताठ उभा होतो, आणि ती गोष्टही त्यानं आता, मेल्यावर, माझ्याकडून काढून घेतली. मी म्हणालो, "सांगायला काय झालं होतं त्याला?" माझा आवाज चढला असावा, कारण ती मुलगी पाणी मारायची बाटली घेऊन उगाचच पलीकडे गेली, आणि मग हात धुवायला बाहेर नळावर.

वहिनींनी दुसरं स्टूल ओढून घेतलं. "रागावू नका. तुम्ही रोज डावीकडे चालायचात. मला तुमचा हेवा वाटायचा, भावोजी." मला वाटलं, चेष्टा करतायत. "खरंच सांगते. आमचा पलंग भिंतीला लावलेला. मी भिंतीकडे, ह्यांच्या उजव्या अंगाला. दिवा मालवल्यावर मी जे काही बोलले ते भिंतीनं ऐकलं. एकदा म्हटलं, बाजू बदलू या. बदलली, तर रात्रभर ह्यांना झोप नाही. म्हणाले, त्या कानात काही पडलं की विचार सुरू होतात, तू आपली भिंतीकडेच बरी. मग संध्याकाळी घरी यायचे आणि जेवताना निम्मं तुमचंच. तो असं म्हणाला, तो तसं म्हणाला. मी वाढत असायचे. मनात म्हणायचे, जळो तो तुमचा तो."

 आता सांगायची वेळ होती. वाक्य जिभेवर होतं, इतकी वर्षं घोळवून गुळगुळीत झालेलं: वहिनी, चौथऱ्यावर जे कोरणार आहात ना, ते मी बोललो होतो. पुठ्ठ्यातून कापलेली त्या वाक्याची अक्षरं समोर भिंतीला टेकवून ठेवली होती. त्याही तिकडेच बघत होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तुम्हालाच ठाऊक असणार. हे वाक्य ह्यांना कुठून मिळालं?" मी म्हणालो, "का?" त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. "लग्नानंतरची पहिलीच पाहुणे मंडळी घरी आली होती. सकाळपासून मी चुलीपुढे. ह्यांनी काय केलं, तर भांडं आतून बाहेर आणून टेबलावर ठेवलं. सगळे ह्यांनाच म्हणायला लागले, वा, फार छान केलंय हो. आणि हे हसतायत. हे आत आल्यावर मी म्हटलं, शेवटी हात लागला म्हणून काही ते तुमचं होत नाही. चिडून नाही, गमतीनंच. पुस्तक आलं आणि पहिल्या पानावर ते. मला इतकं... पण मी कुठल्या बाजूला उभी होते तेच आठवत नाही. ह्यांच्या कानावर गेलं की नाही, कळायला मार्गच नाही. कदाचित ह्यांना ते दुसरीकडूनच सुचलं असेल. तुमच्यापाशी कधी काही बोलले होते का?"

"त्यालाच का नाही विचारलंत?"

"आणि नाही म्हणाले असते तर?" त्या म्हणाल्या.

मी पुठ्ठ्याच्या अक्षरांकडे पाहिलं, मग मातीच्या कानाकडे, मग त्यांच्याकडे. त्यांची मान पुढे आली होती आणि तोंड किंचित उघडं राहिलं होतं. निकालाच्या दिवशी पोरं फलकासमोर उभी राहतात, तशा त्या बसल्या होत्या. मला काय हवं होतं हे माझ्यापेक्षा बरं कुणाला ठाऊक असणार? तेच, तसंच्या तसं, समोर बसलेलं होतं. मी म्हणालो, "तुमचंच आहे, वहिनी. त्यानंच मला सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी, बसथांब्याकडे जाताना. बायको काय बोलली ऐक, म्हणाला."

 त्या पदराचं टोक घेऊन उगाच चष्मा पुसायला लागल्या, तो पुसून झाला तरी पुसत राहिल्या, आणि चेहरा असा काही मोकळा झाला की त्या आत्ता लग्न होऊन त्या दोन खोल्यांत आल्यात असं वाटावं. आणि मला त्या म्हाताऱ्या बाईचा इतका हेवा वाटला, इतका हेवा वाटला, की त्याचासुद्धा जन्मात कधी वाटला नव्हता. मुलगी हात पुसत आत आली, माझ्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, खांदे आवळलेत तुम्ही. सैल सोडा ना." मी सोडायला गेलो. ते काही केल्या सैल होईनात.